असिमोव्हच्या रहस्यकथा म्हणजे 'म्हातारपणचा टाइमपास'? काय राव!

जुनापाना
काल 'निवडुंग' यांनी अमेरिकन विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्हबद्दल लिहिलं: "विज्ञानकथा १९५८ च्या सुमारास आटली, मग माणूस पाट्या टाकत बसला. रहस्यकथा हा त्यातलाच म्हातारपणचा टाइमपास." रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

साहेब, हा माणूस सुरुवातीपासून रहस्यकथाच लिहीत होता, फक्त प्रेताच्या जागी यंत्रमानव असायचा. १९४२ मध्ये त्याचे यंत्रमानवांचे तीन नियम (माणसाला इजा करायची नाही, हुकूम पाळायचा, स्वतःला जपायचं) छापून आले, तेव्हापासून प्रश्न एकच: नियम मोडताच येत नाहीत, मग हे घडलं कसं? बंद खोलीतला खून याहून वेगळा काय असतो? १९४७ ची 'लिटल लॉस्ट रोबॉट' काढा. समोर हुबेहूब ६३ यंत्रमानव, त्यातला एक लपलेला, आणि यंत्रमानवांच्या मानसतज्ज्ञ सुझन केल्व्हिनबाईंनी तो शोधून काढायचा. याला काय अंतराळप्रवास म्हणायचं?

त्याच्या कथा छापणारा मासिकाचा संपादक कॅम्पबेल म्हणायचा की विज्ञानकथेत खरी रहस्यकथा जमणारच नाही, कारण डिटेक्टिव्ह ऐनवेळी खिशातून भलतंच यंत्र काढून मोकळा होईल. त्याला उत्तर म्हणून 'द केव्हज ऑफ स्टील' ही कादंबरी आली, 'गॅलक्सी' मासिकात १९५३ साली क्रमशः आणि पुढच्या वर्षी पुस्तक. त्या जगाचे सगळे कायदेकानू आधी वाचकासमोर मांडले, मग त्यांच्या आत राहून खून उलगडला. आणि ते झाकण घातलेलं न्यूयॉर्क, उघड्या आकाशाला घाबरणारी माणसं, हे काय हवेतून आलं? ब्रुकलिनमध्ये असिमोव्हच्या वडिलांचं कँडी स्टोअर, सकाळी सहापासून रात्री एकपर्यंत उघडं. पोरगा गल्ल्यामागे बसून विकायची मासिकं वाचायचा आणि कोरी दिसतील अशी परत रॅकवर ठेवायचा. त्याचं स्वप्न काय, तर भुयारी रेल्वेच्या स्टेशनातला पेपरचा स्टॉल. आत बसायचं, बंद करून घ्यायचं, गाड्यांचा आवाज ऐकत वाचत राहायचं. मी मामाच्या किराणा दुकानात पुड्यांचे कागद वाचून मोठा झालो, मला ते वर्णन अंगावर आलं.

निवडुंग
सोयीचं तेवढं उचललंत. १९५७ मध्ये रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक उडाला, १९५८ मध्ये त्याने बॉस्टन विद्यापीठातलं शिकवणं सोडलं, आणि मग विज्ञान समजावणाऱ्या पुस्तकांचा कारखाना सुरू. १९५७ च्या 'द नेकेड सन'नंतर १९७२ च्या 'द गॉड्स देमसेल्व्ह्ज'पर्यंत मोठ्यांसाठी स्वतःची म्हणावी अशी विज्ञानकादंबरी दाखवा. १९६६ ची 'फँटास्टिक व्हॉयेज' सांगू नका, ती सिनेमाची कथा होती.

आणि त्या 'ब्लॅक विडोअर्स' क्लबच्या रहस्यकथा! सहा पुरुष जेवायला जमतात, पाहुणा कोडं टाकतो, सगळे हुशार लोक हात टेकतात, शेवटी वेटर हेन्री हळूच उत्तर सांगतो. असं ६६ वेळा! श्राद्धाच्या स्वयंपाकात तरी एखादी भाजी बदलते हो.

कल्याण_स्लो
'केव्हज'मध्ये चष्म्याचे तुकडे दारात सापडतात तिथेच मला कळलं होतं. फार सोपं होतं.

जुनापाना
अहो! लोकांनी वाचलं नसेल!

कल्याण_स्लो
सत्तर वर्षं झाली पुस्तकाला. आता काय भीष्म शरपंजरी पडतो तेही सांगायचं नाही का?

ओवी
'सहा पुरुष' यावर कुणी थांबलंच नाही. तो क्लब असिमोव्हच्या स्वतःच्या 'ट्रॅप डोअर स्पायडर्स' मंडळावरून घेतलाय, तिथेही बायकांना प्रवेश नव्हता. आणि विज्ञानकथेच्या संमेलनांत हे गृहस्थ बायकांच्या अंगाला हात लावत फिरायचे, ते गंमत म्हणून खपवलं जायचं. त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय, मी मनाचं सांगत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत असेच एक 'गमतीदार' साहेब होते. मी जिना बदलून जायचे.

जुनापाना
ओवीताई, मान्य. पण धागा लेखनाबद्दल आहे.

ओवी
कँडी स्टोअर लेखनात येतं, हात येत नाहीत. बरं.

जुनापाना
…हे लागलं. ठीक आहे, येतात.

पोस्टाची_पेटी
कोडी घालणाऱ्याचा मृत्यूसुद्धा कोडंच निघाला बघा. १९८३ च्या बायपासमध्ये चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला, १९९२ मध्ये गेला, आणि कारण लोकांना कळलं २००२ मध्ये.

ओवी
त्याला कोडं म्हणू नका हो. तेव्हा घरच्यांना वाळीत टाकत. आमच्या शेजारच्या घरात वेगळा पेला होता, मी पाहिलाय.

अर्धविराम
निवडुंग यांना त्या ६६ कथा एकसारख्या वाटतात, कारण त्यांनी एकीचंही भाषांतर केलेलं नाही. मी केलंय. 'ट्रुथ टू टेल'. तिजोरीतून चोरी होते. संशयित माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. तो म्हणतो, "मी रोकड किंवा रोखे घेतले नाहीत." सगळे डोकं खाजवतात. हेन्री नम्रपणे विचारतो: रोकड *आणि* रोखे घेतलेत का?

मी 'किंवा' जपून ठेवला. एका दिवाळी अंकाकडे पाठवलं. अंक हातात आला तर छापलेलं: "मी रोकडही घेतली नाही आणि रोखेही घेतले नाहीत." संपादकांनी मराठी सुधारलं होतं! म्हणजे माणूस सरळ खोटारडा ठरला, आणि पुढची चार पानं हेन्री कशाचा उलगडा करतोय ते देवालाच ठाऊक.

कल्याण_स्लो
आणि हे सांगताना रहस्यभेद झाला तो चालतो वाटतं?

पोस्टाची_पेटी
मानधन मिळालं का?

अर्धविराम
अंक मिळाला. टपालखर्च माझा.

पोस्टाची_पेटी
तेच. मी तीन दिवाळी अंकांना कथा दिल्या, एकाने चेक पाठवला, तो वटला नाही. जाहिरातीला पानंच्या पानं, लेखकाला 'आपला स्नेह आहेच'. यावर वेगळा धागा काढा.

निवडुंग
संपादकाची बाजू घेतो. "रोकड किंवा रोखे घेतले नाहीत" असं कुठला मराठी माणूस बोलतो? इंग्रजीत ते वाक्य सहज येतं म्हणून चोर लपतो. मराठीत 'किंवा' ऐकला की आमची आजीसुद्धा म्हणाली असती, मेल्याने दोन्ही घेतलंय. तुमच्या भाषांतरात रहस्य दुसऱ्याच ओळीला उघडं पडत होतं. संपादकाने निदान वाक्य तरी वाचवलं.

अर्धविराम
वाक्य वाचवून कथा मारली! तुम्ही संपादक आहात का हो?

निवडुंग
वैयक्तिक होऊ नका. मी बँकेत होतो. रोखे काय असतात ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

जुनापाना
मंडळी, मूळ मुद्दा: असिमोव्हचं 'सेकंड फाउंडेशन' हे पुस्तक तरी काय आहे? ती दुसरी संस्था नेमकी कुठे, हाच शोध. ती रहस्यकथाच…

ओवी
आता कोण ऐकतंय. पण अर्धविराम, 'किंवा'च्या जागी 'अथवा' घातलं असतं तर?

अर्धविराम
तर तो माणूस वकील वाटला असता.

निवडुंग
हे मी असिमोव्हच्या प्रेमाने लिहीत नाहीये, हे आधी सांगून ठेवतो. दुपारी जेवताना डोक्यात आलं. ते वाक्य चोराच्या तोंडी घालायचंच नाही. मालकाने आरडाओरडा करायचा, "एकतर तू रोकड घेतलीस, नाहीतर रोखे!" आणि चोराने शांतपणे म्हणायचं, "हे साफ खोटं आहे." मराठी अस्सल, माणूस खरा बोलतोय, आणि वाचक मालकाच्या आरडाओरड्यात फसतो.

जुनापाना
टाइमपासला दुपारचं जेवण दिलंत की हो.

निवडुंग
कथा बरी आहे असं म्हणालेलो नाही. वाक्यरचनेचा प्रश्न होता.

अर्धविराम
चोर "तसं नाही" म्हणाला तर जास्त बरं. 'साफ खोटं' म्हणणारा माणूस मला जरा खोटारडा वाटतो.

निवडुंग
मालक ओरडत असताना "तसं नाही"? पुळचट वाटतं. 'साफ खोटं'च पाहिजे.