सोलर एवढं वाढतंय, मग चंद्रपूरची हवा का सुधरत नाही?

दुर्गापूरकर:
सोलरचं सगळीकडं कौतुक चाललंय, शेतीपंपाला दिवसा वीज मिळते, चांगलंच आहे. पण आमचं औष्णिक केंद्र आजही 2920 मेगावॅटचं आहे, बाजूला कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे (कच्च्या लोखंडाचे) कारखाने. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले (जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण) तेव्हा चंद्रपूर 83.88 घेऊन चौथं होतं. सोलर कितीही लावा, त्याच्या बदल्यात कोळशाचा वीजनिर्मिती संच बंद होत नसेल तर आम्हाला काय फरक पडणार?

सबस्टेशनवाला:
भाऊ, बंद करा म्हणणं सोपं आहे. सूर्य मावळला की घराघरात लाइट-पंखे-एसी सुरू होतात, तेव्हा ग्रीड कोण सांभाळणार? आणि 210 मेगावॅटचे पहिले दोन संच बंद केलेच की, त्यांच्यापेक्षा नवे संच बरेच स्वच्छ आहेत. हजारो घरांची रोजीरोटी या केंद्रावर चालते हेही बघा.

दुर्गापूरकर:
420 काढले आणि 500 चे दोन उभे केले, म्हणजे 1000 आले. विजेच्या प्रत्येक युनिटमागे धूर कमी झाला असेल पण कोळसा कुठं कमी जळतोय? गंधकाचा धूर रोखायला 2015 मध्ये नियम आले, मुदत 2017 ची, ती ढकलत ढकलत नेली आणि जुलै 2025 ला देशातल्या बहुतेक संचांना एफजीडीतून (धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून) सूट देऊन टाकली. आपल्यासारख्या प्रदूषित भागातल्यांचं म्हणे एकेक प्रकरण बघून ठरवणार.

पुणे_एक्स्पोर्ट:
निर्यातीमुळंच सुधारणा होईल बघा. युरोपचा आयात मालावरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून लागू झालाय, पोलाद सिमेंट दोन्ही त्यात आहे. तिकडं माल विकायचा तर कारखानदाराला कार्बन कमी करावा लागेल, नाहीतर कर भरावा लागेल.

घुग्घुस_पोट्टा:
साहेब ते कार्बन मोजतेत, आमची धूळ नाई मोजत. कोळशाचे ट्रक अर्धी ताडपत्री उघडी टाकून जातेत, वाळू घातलेल्या कपड्यावर बोट फिरवलं का बोट काळं. अन् जो माल युरोपात जातच नाई, इथंच खपते, त्याच्यावर कोणता कर लावता?

सबस्टेशनवाला:
धुळीचं मान्य, पण तो दोष विजेचा नाही, रस्त्याचा आणि ताडपत्रीचा आहे, त्यावर आजच कारवाई होऊ शकते. आणि शहरात अजून सिगड्यांमध्ये कोळसा जळतो त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

दुर्गापूरकर:
गरिबाची सिगडी गॅसनं बदला, कोण नाही म्हणतंय. पण तिच्या धुरामागं चिमणी लपवू नका. दिवसा सोलर भरपूर असतं तेव्हाही संच 55 टक्क्यांपर्यंतच उतरवतात, विझवत नाहीत, कारण रात्री परत लागतात. म्हणून म्हणतो, सोलरसोबत बॅटरी लावा आणि कुठला जुना संच कधी बंद होणार ते तारखेसकट जाहीर करा.

सबस्टेशनवाला:
तारखेला माझा विरोध नाही. फक्त आधी बॅटरी बसू दे, कंत्राटी पोरांना दुसरीकडं सामावून घ्या, मग संच काढा. उलट्या क्रमानं केलं तर मी विरोध करणारच.