मदत हवी आहे : इतिहासावरची मराठी चित्रकथा सुचवा

नमस्कार मंडळी,

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा घेऊन बसायचो. खालून आजी जेवायला हाका मारायची आणि मी कॉमिकमधल्या वेताळाबरोबर (म्हणजे फँटमबरोबर) कवटीच्या गुहेत! आजही कामावरून दमून आलो की कॉमिक उघडतो, तासभर सगळं विसरायला होतं. यात मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

इतिहासाची गोडीही चित्रांनीच लावली. आधी अनंत पै यांची अमर चित्र कथा, आणि अलीकडे ‘भीमायन’. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी समाजातल्या चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य त्यात रंगवलंय. नेहमीच्या चौकटी नाहीतच. मायेचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि विखारी शब्दांच्या फुग्याला चक्क विंचवाची नांगी! ते पान मी कितीतरी वेळ उलटलंच नाही.

माझी भाची आठवीत आहे, सनावळ्या पाठ करून इतिहासाला पार विटलीय. तिच्यासाठी मराठीत असं काही आहे का? अनुवादही चालेल. शिवकालावरचं घरात आहे. गोवा मुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, गिरणी कामगार यांवर कुणी चित्रकथा वाचलीय का?

आणखी एक. जुन्या इंद्रजालच्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडलेत. पिना काढून दोऱ्याने शिवलं तर पानं टिकतील का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.