'होम अलोन' लहान मुलांना दाखवावा का?

लेकीला नाताळच्या सुट्टीत १९९० चा 'होम अलोन' सिनेमा लावून दिला, घरी एकटा राहिलेला पोरगा सापळे लावून चोरांना पळवतो तो. मी हसून लोटपोट, आणि चोराच्या तोंडावर इस्त्री आदळली तशी ती गप्प. "बाबा, त्याला लागलं ना?" बायको म्हणते, हा विनोद नाही, मारझोड आहे. तुमचं काय मत?

– वहिनींचं बरोबर आहे. तापलेली दाराची मूठ, रंगाचे डबे, चोर झालेल्या जो पेस्कीच्या डोक्याला आग... मला नाही बुवा हसू येत. पोरगंही आगाऊच.

– अहो, 'टॉम अँड जेरी' चालतं ना घरात? सापळे सोडा, पोराची आई झालेली कॅथरिन ओ'हारा बघा. पोराकडे पोचायला पोल्का संगीत वाजवणाऱ्या बँडच्या गाडीत बसून स्क्रँटनहून शिकागो गाठते! त्या बँडवाल्याच्या कामात जॉन कँडी दोन मिनिटांत भाव खाऊन जातो.

– चर्चमधला शेजारच्या म्हाताऱ्याचा प्रसंग विसरलात? मला तोच आवडतो. दुसरा भाग म्हणजे तोच मसाला, फक्त न्यूयॉर्कमध्ये.

– दुसरा चोर झालेल्या डॅनियल स्टर्नच्या तोंडावरचा टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) खरा होता बरं का.

– हे लेकीला सांगितलं. आता तेवढाच तुकडा परत परत लावायला लावते. बायकोला अजून पत्ता नाही.