थंडीतलं क्रूझ म्हणजे पैसे पाण्यात? जरा थांबा

शेकोटी (धागाकर्ती)
परवा इथे एकीने साधा प्रश्न विचारला होता. आईवडिलांना घेऊन पहिलंच क्रूझ करायचंय, कॅरिबियन करू की अलास्का? त्यावर खारावारा यांनी निकालच देऊन टाकला: "क्रूझ म्हणजे ऊन, निळं पाणी आणि डेकवर आडवं पडणं. थंडीत जहाजावर जाणं म्हणजे पैसे मोजून खिडकीत कुडकुडत बसणं. बर्फ काय, फ्रीजमध्येही असतो." खाली सगळे माना डोलावतायत. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

पहिली गोष्ट, कुडकुडणं. अलास्काची क्रूझं उन्हाळ्यातच चालतात, साधारण मे ते सप्टेंबर. जून-जुलैत अलास्कातल्या जुनो शहरात दुपारी १५ ते १८ अंश असतात. एक स्वेटर आणि वर पाऊस अडवणारं जाकीट, झालं. लोक उणे वीस समजून बॅगा भरतात आणि मग डेकवर घामाघूम होतात.

दुसरी गोष्ट, फ्रीज. अलास्कातल्या ग्लेशियर बे या खाडीत दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडते, तिच्यातून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर शिडीने वर चढतात आणि दिवसभर माईकवर बोलतात. आमचं जहाज मार्जरी हिमनदीसमोर अर्ध्या किलोमीटरच्या आत जाऊन थांबलं. डेकवर माणसांची ही गर्दी, आणि कुणी बोलेना. समोरच्या भिंतीतून खोलीएवढा तुकडा सुटला, पाण्यात पडला, आणि आवाजच नाही. वाटलं, एवढंच? तेवढ्यात तो आवाज आला, छातीत बसला. बर्फ आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. मग जहाज जागच्या जागी सावकाश फिरलं, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या बाल्कन्यांनाही दिसावं.

१७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक तिथे आले तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज तीच भिंत बघायला १०० किलोमीटर आत जावं लागतं. असला फ्रीज कुणाकडे असेल तर कळवा.

खारावारा
आलो. आरोपी हजर आहे.

ताई, वर्णन सुरेख. पण तो सात दिवसांतला एक दिवस झाला. उरलेल्या सहांचं काय? मी अलास्का केलंय, उगाच बोलत नाही. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला निम्मा आमच्या मुक्कामात पडला असावा. जुनोला हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरवणार होते. ढग खाली आले, सहल रद्द. व्हेल बघायला गेलो तर चाळीस डोक्यांच्या फटीतून शेपटीचं टोक, तेही बायको म्हणाली म्हणून. शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया, रात्री आठला उतरवलं आणि मध्यरात्रीच्या आत परत बोलावलं. शहर झोपायला निघालेलं, आम्ही बघायला निघालेलो!

त्याउलट कॅरिबियनमधलं कोझुमेल बेट. सकाळी उतरलो, नळी तोंडात धरून पाण्यात डोकं घातलं, खाली मासेच मासे. परवानगी नको, ढगांची मनधरणी नको. सुट्टी अशी असते.

गलबत
व्हिक्टोरियाबद्दल थोडे. तो थांबा हौसेचा नाही, कायद्याचा आहे. अमेरिकेचा १८८६ चा प्रवासी जहाजांचा कायदा म्हणतो की परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत यायचे तर मध्ये कुठेतरी परदेशी बंदर लागावे लागते. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक परदेशी झेंड्याखालीच असतात, म्हणून व्हिक्टोरियाला हजेरी लावून निघायचे. कॅनडातल्याच व्हँकुव्हर शहराहून सुटणारे जहाज घेतले असतेत तर हे टळले असते. चूक अलास्काची नाही, बुकिंगची.

खारावारा
म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याने १८८६ चा कायदा वाचून तिकीट काढायचं. बरं.

टोपीवाला
उबदार पार्टीने १ जून ते ३० नोव्हेंबर या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. हरिकेनचा मोसम. आम्ही सप्टेंबरात पूर्व कॅरिबियन बुक केलं होतं, पश्चिम कॅरिबियन करून आलो. वादळ आलं म्हणून कप्तानाने दिशाच बदलली. एक बेट गाळलं. दुसऱ्याला धक्का नाही, छोट्या होड्यांतून उतरवतात. लाटा उसळत होत्या, त्याही रद्द. बेट समोर दिसतंय आणि आपण कठड्याला टेकून त्याला टाटा करतोय. भरपाई म्हणून फक्त बंदराचे शुल्क परत आले. करारात बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते.

खारावारा
सप्टेंबरात कॅरिबियनला जायचं आणि मग कॅरिबियनला शिव्या घालायच्या? मी फेब्रुवारीत जातो. शितावरून भाताची परीक्षा करताय, आणि शितही कच्चं निवडलंय.

टोपीवाला
आणि तुम्ही एका ढगाळ आठवड्यावरून अख्खं अलास्का निकालात काढलंत ते? आपला तो बाळ्या.

निवांत_मी
मला दोन्ही आवडतात, त्यामुळे मधे पडत नाही. पण उबदार क्रूझमध्ये "डेकवर आडवं पडणं" म्हणे. कुठे पडणार? सकाळी साडेसहाला वर जावं तर तलावाभोवती एक माणूस नाही आणि एक खुर्ची रिकामी नाही! प्रत्येकीवर टॉवेल. टॉवेलवर एक चप्पल. एकच, जोड नव्हे. माझ्या समोरच्या खुर्चीवर पुस्तक उघडून पालथं ठेवलेलं, तीन दिवस त्याच पानावर. मी पाहिलंय वाकून.

टोपीवाला
+१००. पाटी लावलेली असते की अमुक मिनिटं कुणी दिसलं नाही तर सामान उचलू. एकदाही उचलताना पाहिलं नाही.

बाळबोध
मी टॉवेल टाकणाऱ्यांपैकी आहे. होय, सांगून टाकतो. दोन लहान मुलं, एकाला क्रीम लावेपर्यंत दुसरं पळालेलं. सावलीतली जागा आधी धरली नाही तर दिवसभर तळपत्या डेकवर उभं राहायचं? आधी मुलं सांभाळा, मग उपदेश करा.

निवांत_मी
तीन मुलं वाढवली मी. तिघांपैकी एकालाही टॉवेल टाकून जगाची वाट अडवायला शिकवलं नाही.

बाळबोध
वा, झालं. खुर्चीवरून थेट संस्कारांवर.

टोपीवाला
मी एकदा उचलला. दोन तास वाट पाहिली, घडी घालून बाजूला ठेवला आणि बसलो. दहा मिनिटांत एक गृहस्थ आले, केस कोरडे, हातात ताट. म्हणाले, "मी पोहत होतो." मी म्हटलं, ताटासकट?

शेकोटी (धागाकर्ती)
धागा कशावर आहे आणि चाललंय काय! तरी एक बरं झालं, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. उबदार क्रूझमध्ये जहाज म्हणजे हॉटेल, आणि हॉटेलात खुर्चीवरून भांडणं होणारच. थंड प्रदेशात जहाज म्हणजे खिडकी. बंदर चुकलं तरी मधला रस्ता बघण्यासारखा असतो. कॅरिबियनमध्ये दोन बेटांच्या मधे काय असतं? पाणी.

बाळबोध
ताई, थंड क्रूझवर खुर्च्यांची भांडणं नसतात? पुढच्या बाजूचा तो काचेचा लाउंज आठवा. पहाटे पाचला दुर्बिणी, पिशव्या, जाकिटं ठेवून अख्ख्या रांगा अडवलेल्या. टॉवेलच्या जागी दुर्बीण, एवढाच फरक.

शेकोटी (धागाकर्ती)
...हं. आमच्या ह्यांनी सहा खुर्च्यांवर पिशवी, टोपी, मफलर वगैरे पसरलं होतं. पण सहाही जण होतो हो आम्ही. थोडे उशिरा आलो.

निवांत_मी
किती उशिरा?

शेकोटी (धागाकर्ती)
नाश्ता करून.

निवांत_मी
अरेरे. आणि मी इतका वेळ तुमच्या बाजूने होते.

ध्रुवबाळ
अलास्काला थंड म्हणणाऱ्यांची गंमत वाटते. अंटार्क्टिका करा, मग बोला. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघालं की ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधला खवळलेला समुद्र, साधारण दोन दिवस. कठड्याला दोऱ्या बांधतात, त्या धरून चालायचं. आमच्यातल्या निम्म्यांना बोट लागली. जेवणाच्या टेबलावर रोज नवे चेहरे, कारण कालचे आडवे. पण पलीकडे पोचलात की एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं. ५०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजाला कुणाला उतरवताच येत नाही, ते लांबून बघून परत. टॉवेल टाकायला खुर्चीच नाही, प्रश्न मिटला.

टोपीवाला
आईवडिलांचं पहिलं क्रूझ आहे हो. ड्रेक पॅसेज कसला सुचवताय? वारसाहक्काचा काही विषय आहे का?

बाळबोध
पेंग्विन बघायचे तर मुलांना अलास्काच बरं, जवळ पडेल.

ध्रुवबाळ
अलास्कात पेंग्विन नसतात.

बाळबोध
माहीत आहे. तुम्हाला बोलतं करायचं होतं.

उंबरठा
दोन दिवस वाचतेय, आता लिहितेच. माझी आई चाकाच्या खुर्चीत असते. आम्ही दोन्ही केलंय.

आधी कॅरिबियन, सगळ्यांनी सांगितलं म्हणून. ग्रँड केमनला क्रूझसाठी धक्का नाही, होडीतून जावं लागतं. त्या दिवशी होडी वरखाली होत होती. कर्मचाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं की खुर्ची घेता येणार नाही. त्यांचंही बरोबरच. दुसऱ्या बेटावर उतरलो, पण वाळूत चाकं रुततात, मग तिला फरसबंदीवर सावलीत बसवून आम्ही आळीपाळीने पाण्यात. ती हसत होती, पण आमच्या चपला सांभाळत बसली होती हो.

नंतर नॉर्वे. गायरांगर फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, जहाज शिरलं तेव्हा तिला डेकच्या कडेला नेलं, पायांवर घोंगडी घातली. दोन्ही बाजूंना कडे इतके जवळ की सात बहिणी नावाचा धबधबा तिच्यासमोरूनच गेला, ती खुर्चीतून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "आज मी कुणाची वाट अडवली नाही." बाकीचेही तिच्यासारखेच एका जागी थांबून बघत होते ना, खाली उतरून कुणी पुढे जात नव्हतं.

बर्गनला मात्र पावसाने झोडपलं. ते खरं आहे.

गलबत
उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो. दक्षिण-पूर्व अलास्काच्या आतल्या जलमार्गाला दोन्हीकडून बेटांचा आडोसा असतो, त्यामुळे बोट लागण्याची भीती असणाऱ्यांना तो उघड्या समुद्रापेक्षा सोपा जातो. मात्र सिअ‍ॅटलहून जाणारी काही जहाजे बेटांच्या बाहेरून जातात, तिथे हा आडोसा मिळत नाही. नकाशा मागून घ्यावा.

टोपीवाला
आणि उबदार म्हणजे फक्त कॅरिबियन नव्हे. भूमध्य समुद्र जुलैत केलाय कुणी? २०२३ च्या जुलैत अथेन्समध्ये इतकी उष्णता होती की अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवत होते. सँटोरिनीला केबल कारच्या रांगेत आमचा दीड तास गेला, वर पोचलो तेव्हा परतायची वेळ. गर्दीमुळे तिथे २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांना दिवसाला ८,००० ची मर्यादा घातली.

खारावारा
गर्दीचं म्हणाल तर जुनोनेही २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरवलंय. म्हणजे तुमच्या शांत, पवित्र थंडीतही माणसं मावेनाशी झालीच होती. शिवाय वितळणारा बर्फ बघायला इंधन जाळत जायचं, हे मला कधी पचलं नाही.

शेकोटी (धागाकर्ती)
कॅरिबियनला जहाज शिडाने नेतात वाटतं.

गलबत
जहाजे बहुतेक तीच असतात हो. उन्हाळ्यात अलास्कात, हिवाळ्यात मेक्सिको किंवा कॅरिबियनमध्ये. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती खाली सरकतात, काही पनामा कालव्यातून. त्या फेऱ्या लांब असतात आणि बऱ्याचदा स्वस्त. तुम्ही ज्याच्यासाठी चाळीस डोक्यांतून वाकलात, त्या हंपबॅक व्हेलचेही तेच. त्यातले बरेचसे उन्हाळ्यात अलास्कात पोटभर खातात आणि हिवाळ्यात पिल्ले घालायला हवाईच्या उबदार पाण्यात जातात. तिथे ते जवळपास उपाशीच असतात.

खारावारा
म्हणजे व्हेलसुद्धा सुट्टीला गरम पाण्यातच जातो. माझ्या बाजूने लिहिल्याबद्दल आभार.

शेकोटी (धागाकर्ती)
बाळंतपणाला जातो. सुट्टीला नव्हे.

खारावारा
उंबरठा, तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मूळ प्रश्न आईवडिलांचा होता, हे मी उत्तर देताना विसरलो होतो. मी स्वतःच्याच सुट्टीचं लिहिलं. त्या बाईंचे आईवडील फार चालणारे नसतील तर अलास्का, जूनमध्ये, आतल्या मार्गाने, व्हँकुव्हरहून. त्यांच्या धाग्यावर जाऊन तसं लिहितो. मी मात्र फेब्रुवारीत कोझुमेललाच जाणार, आणि फ्रीजचं वाक्य मागे घेत नाही.

शेकोटी (धागाकर्ती)
वाक्य राहू द्या. आमची पिशवीही पुढच्या वेळी उचलायला लावते ह्यांना. निदान पाच खुर्च्यांवरची.