टपाल तिकिटांचं स्टॉकबुक: सालवार की विषयवार?

दातेरी:
संग्रह पाचशे तिकिटांच्या पुढे गेला की स्टॉकबुकात (पारदर्शक पट्ट्यांमागे तिकिटं खोचायचं पुस्तक) शोधाशोध सुरू होते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवसापासून विषयवार लावा. पक्षी, रेल्वे, लेणी, गांधीजी. प्रत्येक विषयामागे दोन पानं कोरी सोडा, नाहीतर नवं तिकीट आलं की अख्खं पुस्तक पुढे सरकवावं लागतं. अल्बम बघणारा साल विचारत नाही, अजिंठ्याचा हत्ती कुठे आहे ते विचारतो.

पाकीट:
अजिबात पटलं नाही. तुमचा हत्तीच घ्या. 15 ऑगस्ट 1949 ची पुरातत्त्व मालिका, 3 पै. घारापुरीची त्रिमूर्ती त्यातलीच, 9 पै. एकूण 16 तिकिटं, 3 पैपासून 15 रुपयांपर्यंत. हत्ती प्राण्यांत, त्रिमूर्ती लेण्यांत आणि ताजमहाल इमारतींत गेला, की सोळातलं आपल्याकडे कुठलं नाही ते कसं कळणार?

आणि 1 आण्याचा बोधिसत्त्व? 1949 साली मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. 1950 मध्ये सुलट करून पुन्हा काढली. विषयवाल्यांकडे यातलं एक 'डबल' म्हणून अदलाबदलीत निघून जातं. सालवार पानावर दोघांना दोन जागा असतात, त्यामुळे नजर थांबते.

भारताच्या नकाशाच्या मालिकेचंही तेच. 1957 च्या तिकिटांवर ताऱ्यांचा वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली पुसट खूण), 1958 पासून अशोकस्तंभाचा. चित्र तेच. तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवून तिरप्या उजेडात बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

गोंद:
दोघंही आधीची पायरी विसरताय. पहिली वाटणी मिंट (न वापरलेली, मागचा गोंद शाबूत) आणि वापरलेली अशीच हवी, कारण दोघांची निगा वेगळी. वापरलेलं तिकीट पाकिटाच्या कागदासकट साध्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवायचं, आपोआप सुटलं तरच उचलायचं. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या वाटीत, नाहीतर रंग उतरून बाकीची डागाळतात. मिंटला पाणी तर नाहीच, हिंजही (तिकीट पानाला चिकटवायचा गोंद लावलेला छोटा कागद) नको: मागचा गोंद गेला की किंमत गेली.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मिंटचं स्टॉकबुक आडवं रचू नका. पानांच्या वजनाने दमट गोंद पट्टीला चिकटतो. उभं ठेवा, थोडं सैल.

दातेरी:
मिंटची वाटणी मान्य. बोधिसत्त्वाचा मुद्दाही बिनतोड आहे, त्यामुळे चालू वापराच्या (रोजच्या टपालासाठीच्या) मालिका सालवारच राहू देत. पण स्मारक तिकिटांचं (एखाद्या व्यक्ती किंवा प्रसंगानिमित्त निघणाऱ्या) काय? ती बहुतेक एकेकटी येतात, तिथे मालिका तुटायचा प्रश्नच नाही. तिथे विषयच हवा.

पाकीट:
मग 1948 चा गांधीजींचा 10 रुपयांचा कुठे जाणार? तो चार तिकिटांच्या संचातला आहे, दीड आणा, साडेतीन आणे आणि 12 आणे त्याचेच. संच फोडू नका. विषय हवाच असेल तर वहीत लिहा: 'गांधी – पुस्तक 1, पान 4, ओळ 2'. पेन्सिलीने, कारण पानं बदलतात. तिकिटाच्या पाठीवर मात्र एक रेघही नको.