सिसरूट देऊनही बायनरी जीलिबसी २.३८ मागते

प्रश्न:
उबुंटू २४.०४ च्या पीसीवर रास्पबेरी पाय ४ साठी सी++ प्रोग्रॅम बिल्ड करायचा आहे. पायवर ६४-बिट बुकवर्म (डेबियन १२ वर आधारित सिस्टिम) आहे. तिथले /यूएसआर आणि /लिब आरसिंकने (फाइल कॉपी करणारे टूल) पीसीवर आणले आणि उबुंटूच्या आर्म६४ जीसीसीला (पीसीवर बसून पायसाठी बिल्ड करणारा क्रॉस कंपायलर) --सिसरूटमध्ये (हेडर आणि लायब्ररी कुठून घ्यायच्या ते सांगणारा पर्याय) तेच फोल्डर दिले. लिंक बिनतक्रार होते, पण पायवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही: 'जीलिबसी २.३८ सापडत नाही' (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). सिसरूटमध्ये २.३६ आहे, मग हे आले कुठून?

उत्तर १:
पीसीवरूनच. उबुंटूचा क्रॉस जीसीसी --सिसरूट दिला तरी /यूएसआर/एआर्च६४-लिनक्स-ग्नू मध्ये आधी शोधतो, आणि तिथे जीलिबसी २.३९ आहे. तिच्या हेडरमुळे सी++ मध्ये साध्या एसटीआरटीओएलच्या (मजकुराचा आकडा करणारे फंक्शन) जागी __आयएसओसी२३_एसटीआरटीओएल येते. हे सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचे नाव) २.३८ पासूनचे. लायब्ररीही तिथलीच सापडते, म्हणून लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारे टूल) गप्प राहतो. -व्ही लावून बिल्ड करा, इनक्लूडच्या यादीत हा पाथ सिसरूटच्या वर दिसेल.

या जीसीसीशी झगडू नका, क्लँग हा दुसरा कंपायलर वापरा: --टार्गेट=एआर्च६४-लिनक्स-ग्नू, --सिसरूट आणि लिंकर एलएलडी. क्लँग सिसरूटमधल्याच जीसीसी १२ च्या फाइल्स उचलतो. त्यासाठी पायवर जी++ बसवलेला हवा, मग पुन्हा आरसिंक.

उत्तर २:
बुकवर्ममध्ये /लिब ही यूएसआर/लिब कडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) आहे. ती तशीच राहू द्या, कारण लिबसी.एसओ ही टेक्स्ट फाइल आहे आणि तिच्यात /लिब चाच पाथ लिहिलेला असतो.

प्रश्नकर्ता:
क्लँगने चालले, आभार! आता -एललॅपॅक (लॅपॅक ही गणिताची लायब्ररी) सापडत नाही. फाइल तर दिसते.

उत्तर २:
ती /ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज कडे जाणारी अ‍ॅब्सोल्यूट लिंक (रूटपासूनचा पूर्ण पाथ असलेली) आहे, म्हणजे पीसीवर ती तुमच्या पीसीच्याच /ईटीसी मध्ये शोधते. पायवरून ते फोल्डरही आणा आणि सगळ्या अ‍ॅब्सोल्यूट लिंक एलएन -एसएफआर (लिंक बनवणारी कमांड) ने रिलेटिव्ह (लिंकच्या स्वतःच्या जागेपासूनच्या) करा. आधी अल्टरनेटिव्ह्जमधल्या, मग /यूएसआर मधल्या. क्रम उलटा झाला तर एलएन साखळी उलगडत सिसरूटच्या बाहेर जाते. 'सिमलिंक्स -सी' नावाचे टूल इथे नको, तेही पीसीचाच रूट धरते.

उत्तर ३:
पीकेजी-कॉन्फिगसाठी (लायब्ररींचे पाथ सांगणारे टूल) पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डीआयआर आणि पीकेजी_कॉन्फिग_लिबडीआयआर दोन्ही सेट करा. पीकेजी_कॉन्फिग_पाथ पुरत नाही, तो पीसीच्या मूळ यादीत फक्त भर घालतो. सीमेक (बिल्डची तयारी करणारे टूल) वापरत असाल तर टूलचेन फाइल (कंपायलर आणि सिसरूट सांगणारी) बदलल्यावर बिल्ड फोल्डर पुसा, नाहीतर जुनेच पाथ कॅशमध्ये राहतात. बायनरी पायवर पाठवण्याआधी रीडएल्फ -व्ही (कॅपिटल व्ही) चालवा, ते बायनरीला कोणत्या आवृत्त्या लागतात ते दाखवते. जीलिबसी २.३६ च्या वर आणि जीलिबसीएक्सएक्स (सी++ लायब्ररीची आवृत्ती) ३.४.३० च्या वर काहीही दिसता कामा नये.