मदत हवी आहे: फ्रेंचच्या जोरावर कॅनडा, पायलट धरू की एक्स्प्रेस एन्ट्री? (नवऱ्याला फ्रेंच येत नाही)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरी रोज रात्री जेवणं झाली की हाच विषय निघतो आणि काही केल्या ठरत नाहीये. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी ३८, फ्रेंचमध्ये एमए, पुण्यात एका शाळेत आठवी ते दहावीला फ्रेंच शिकवते, अकरा वर्षं झाली. नवरा मेकॅनिकल डिप्लोमावाला, पोकलेन आणि डंपरच्या मेंटेनन्सला आहे, मशीनचा नुसता आवाज ऐकून पंप गेलाय की सील हे सांगतो. मुलगी दुसरीत. टेफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली, चारही भागांत एनसीएलसी (कॅनडाची फ्रेंचची पातळी) ७ मिळाले. इंग्लिशच्या आयेल्ट्सला बाकी सगळीकडे सीएलबी (तशीच इंग्लिशची पातळी) ९, रायटिंग तेवढं ६.५ बँडवर, म्हणजे सीएलबी ८ वर अडकलं. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे गुण बघून पीआर (कायम राहायचा परवाना) देणारी कॅनडाची योजना, तिथला सीआरएस म्हणजे गुणांचा आकडा ४१४ भरतोय, पुढच्या वाढदिवसाला त्यातले वयाचे ५ जाणार.

क्यूबेकला, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच प्रांतात, जायचं नाहीये, तिथली पद्धतच वेगळी. मला जायचंय क्यूबेकच्या बाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांच्या ज्या वस्त्या आहेत तिथे. अशा वस्त्यांसाठी ३० जानेवारी २०२५ ला फ्रँकोफोन कम्युनिटी पायलट (तिथल्या नोकरीच्या ऑफरवर पीआर देणारी प्रायोगिक योजना) सुरू झालं, सहा ठिकाणं आहेत, सडबरी, टिमिन्स, सुपीरियर ईस्ट, सेंट पिएर जोलिस, केलोना आणि न्यू ब्रन्सविकमधला अकेडियन पेनिन्सुला. सडबरी म्हणजे निकेलच्या खाणी, म्हणजे अवजड मशिनरी, म्हणजे नवऱ्याचंच काम! पण घोडं पेंड खातंय ते इथेच. पायलटमध्ये जॉब ऑफर ज्याच्या नावावर त्यालाच फ्रेंच लागतं, चारही भागांत एनसीएलसी ५. काम येतं त्याला, फ्रेंच येतं मला.

तो शिकतोय हो मनापासून. परवा नव्वदला फ्रेंचमध्ये कात्र-व्हँ-दिस म्हणतात हे काही केल्या त्याच्या डोक्यात बसेना, मग मी म्हटलं अरे चार विसा आणि दहा, तुझी आजी नारळ कसे मोजायची? लगेच बसलं. पण अजून ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवरच आहे.

आता खरी अडचण. जो तो म्हणतो की अगं एक्स्प्रेस एन्ट्रीच्या फ्रेंच ड्रॉमधून (फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या निवड फेरीतून) पीआर घे आणि सरळ टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला राहा, कोण बघतंय. मला ते पटत नाही. मी बेळगावची. मराठी शाळेत शिकले, आमच्या वर्गात तेव्हा ४८ मुली होत्या, गेल्या वर्षी गेले तर बाईंनी पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसवलेली, फळ्याच्या मधोमध खडूची रेघ, डावीकडे बाराखडी, उजवीकडे जोडाक्षरं. आपली भाषा जिथे थोड्यांची असते तिथे एक कुटुंब आलं काय आणि गेलं काय, लगेच जाणवतं. तिकडेही तेच चाललंय, क्यूबेकबाहेर फ्रेंच पहिली अधिकृत भाषा असणारे २०१६ ला ३.६ टक्के होते ते २०२१ ला ३.३ झाले. त्यांनी भाषेसाठी दार उघडलंय तर आपण तिथे राहून ती भाषा बोलावी असं मला मनापासून वाटतं.

तर विचारायचंय की
नवऱ्याचं फ्रेंच होईपर्यंत पायलटसाठी थांबू की माझ्या नावावर एक्स्प्रेस एन्ट्री टाकू? ४१४ वर आशा ठेवावी का? मुलीला तिथे फ्रेंच शाळेत घेतील का? आणि एका एजंटने सडबरीच्या कंपनीचं ऑफर लेटर आणून देतो म्हणून ९ लाख मागितलेत, नवरा थोडा विरघळलाय, त्याचं काय करू?

रानवारा:
ताई, आधी एजंटचं. एक रुपयाही देऊ नका. पायलटमध्ये कंपनीला आधी तिथल्या स्थानिक आर्थिक विकास संस्थेची मान्यता लागते, मग ऑफर, मग त्या गावाची शिफारस आणि मग केंद्राकडे पीआरचा अर्ज. यात उमेदवाराने ऑफरसाठी पैसे मोजायचा प्रश्नच येत नाही. दादांना हे वाचायला द्या.

आता ४१४. फ्रेंचचे कटऑफ कसे हलतात बघा, २९ फेब्रुवारी २०२४ ला ३३६, २१ मार्च २०२५ ला ३७९ आणि साडेसात हजार जणांना बोलावलं, त्याच वर्षी ८ ऑगस्टला ४८१. म्हणजे ४१४ कधी आत, कधी बाहेर. पण तुम्ही रायटिंगचं जे जाता जाता सांगितलंत ना, खरी चावी तिथेच आहे. ते ६.५ चं ७ करा, सीएलबी ९ झालं की त्याचे ७, शिवाय शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे २५ आणि अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे २५, म्हणजे ५७ वाढतात. ४७१! एका अर्ध्या बँडचे. पुन्हा परीक्षा द्या, दोन महिने फक्त रायटिंग. आणि टेफचा निकाल दोनच वर्षं चालतो, तारीख बघून ठेवा.

खाणीकाठचा:
मी सडबरीत सहा वर्षं आहे म्हणून लिहितो. ताई तुम्ही दोन रस्ते म्हणताय, पण ते एकमेकांच्या आड येत नाहीत. तुमच्या नावावर पीआर झाली तर दादा आणि मुलगी सोबत येतात आणि दादांना कुठेही नोकरी करता येते, त्यांना फ्रेंच परीक्षेची गरजच नाही. पीआर हातात घेऊन सडबरीत या ना, कुणी अडवलंय? इथे खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम इंग्लिशवर चालतं, फ्रेंच ऐकू येतं ते चर्चबाहेर, पाळणाघरात, कॉलेज बोरियाल या इथल्या फ्रेंच कॉलेजच्या कँटीनमध्ये. तुम्हाला शिकवायचं असेल तर ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, शिक्षकाचं वेगळं लायसन्स लागतं, ते काम आजच सुरू करा, कागद यायला वेळ लागतो.

शाळेचं सांगतो. फ्रेंच शाळेचा हक्क संविधानाच्या कलम २३ प्रमाणे नागरिकांना आहे, तेही आईवडिलांची मातृभाषा फ्रेंच असेल, त्यांचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालं असेल किंवा त्यांचं एखादं मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकलं असेल तर. बाहेरून आलेल्यांचं शाळेची अॅडमिशन कमिटी ठरवते. तुम्ही मुलीशी आत्तापासून घरी फ्रेंच बोलायला लागा, ती कमिटीसमोर चार वाक्यं बोलली तर खूप फरक पडतो.

आणि नोकरीचं आणखी एक, मोबिलिटे फ्रँकोफोन म्हणून वर्क परमिट आहे, २०१६ पासून. जून २०२३ पासून बोलणं आणि ऐकणं एनसीएलसी ५ असलं तरी चालतं, कंपनीला एलएमआयए (बाहेरचा माणूस घ्यायला लागणारी सरकारी मंजुरी) लागत नाही. दादांना लिहिण्यावाचण्यात अडायला होत असेल तर हा मार्ग पायलटपेक्षा जवळचा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. एजंटचा नंबर त्याने माझ्यासमोर ब्लॉक केला. आयेल्ट्सची तारीख घेतली. बोलण्या-ऐकण्यापुरतं म्हटल्यावर नवऱ्याला एकदम हुरूप आलाय, सकाळी डबा भरताना आम्ही आता फ्रेंचमध्येच बोलायचं ठरवलंय, लेकीने लगेच विचारलं की भाकरीला काय म्हणतात, मी म्हटलं भाकरीच.

खाणीकाठचा दादा, शिक्षकाच्या लायसन्सला विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट पाठवायची असते का, की मी सीलबंद पाकीट पाठवलं तर चालतं? आणि थंडीत लेकीला शाळेत न्यायला गाडी लागतेच का, की बस येते?